वैगन श्री. विद्याधर चांदोरकर यांच्या वजनातील घटीबाबत

झाशीजवळच्या बिजौली औद्योगिक वसाहतीतील बेतवा मालडबा मरम्मत निगमात सकाळी अकरा वाजता आणि दुपारी चार वाजता दुधाचा चहा होतो. हा चहा ऐच्छिक नाही. सत्त्याऐंशी साली एका बाबूने चहा नाकारला, विभागप्रमुखांनी त्याचा अर्थ असहकार असा घेतला आणि प्रकरण वरपर्यंत गेले. तेव्हापासून असे परिपत्रक आहे की, ज्या कर्मचाऱ्यास चहा घ्यावयाचा नसेल त्याने सबळ कारणासह लेखी अर्ज करावा. छत्तीस वर्षांत असा अर्ज कोणी केला नव्हता. चहा फार चांगला होतो असे नव्हे, सबळ कारण कोणाजवळ नव्हते.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तो अर्ज विद्याधर चांदोरकरने केला.

विद्याधर आमच्या भांडार विभागात मोठा बाबू. त्याचे आजोबा रेल्वेच्या नोकरीत भुसावळहून झाशीला आले आणि इथेच राहिले. मी मधुसूदन आठले, निगमाचा हिंदी अनुवादक. आम्ही मूळचे गुरसरायचे. माझ्या खापरपणजोबांनी तिथल्या जहागिरीत लिखापढी केली, आणि तेव्हापासून आमच्या घरात दुसऱ्याच्या कागदात चूक काढणे हा पिढीजात व्यवसाय आहे. झाशीत मराठी बोलणारी घरे आता बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे विद्याधरची आणि माझी मैत्री होणे अटळ होते. आवडीनिवडीचा प्रश्नच आला नाही.

विद्याधर तेव्हा सत्तावन्न वर्षांचा आणि चौऱ्याण्णव किलोंचा होता. त्याचे वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी हृदयाच्या झटक्याने गेले. थोरला भाऊही अठ्ठावन्नाव्या वर्षीच गेला. मार्चमध्ये डॉक्टरांनी विद्याधरच्या ईसीजीची पट्टी बघितली आणि सांगितले, "चौदा-पंधरा किलो उतारिए, नहीं तो आपके घर का रिकॉर्ड कायम रहेगा." विद्याधर घरी आला आणि त्याने मुलीला कळवले. बंगळुरूला त्याची मुलगी वसुंधरा आहारतज्ज्ञ आहे. तिने व्हॉट्सअॅपवर इंग्रजीत एक शब्द लिहून पाठवला. विद्याधरने अक्षरे जुळवून तो 'वेगन' असा वाचला.

वेगन म्हणजे काय, ते त्याने मला समजावून सांगितले. प्राण्यापासून आलेले काहीही खायचे नाही. दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, खवा, मध, सारे बंद.

"अरे, पण आपण शाकाहारीच आहोत की," मी म्हणालो. "तूप काय मांसाहार आहे?"

"प्रमोदिनीही हेच म्हणाली," त्याने बायकोचा दाखला दिला. "म्हणाली, गाय काय कापून दूध काढतात?"

"मग?"

"मग मी तिला म्हणालो, मला एकोणसाठावे वर्ष बघायचे आहे. दुसऱ्या दिवशी तुपाचा डबा शेजारी देऊन आली."

इथवर सगळे ठीक होते. घरी वेगन होण्याला निगमाची हरकत नव्हती. प्रश्न दोन वेळच्या चहाचा होता. म्हणून विद्याधरने परिपत्रकानुसार हिंदीत अर्ज लिहिला: 'मैं दिनांक १ अप्रैल से वेगन हूँ, अतः मुझे चाय से छूट दी जाए.' आणि तो अर्ज, नियमाप्रमाणे, भाषा तपासणीसाठी माझ्या मेजावर आला.

आता माझ्याबद्दल थोडे सांगितले पाहिजे. हिंदी पखवाड्यात, म्हणजे हिंदी पंधरवड्यात, दिली जाणारी 'शून्य अशुद्धि' ढाल मला सलग सात वर्षे मिळाली आहे. मराठी माणसाला! माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही कागदाला आजवर शुद्धिपत्र लागलेले नाही. आणि मराठी माणूस हिंदी लिहू लागला की कुठे घसरतो, हे मला चांगले ठाऊक आहे. तो 'है' लिहीत नाही, 'हे' लिहितो. दोन मात्रांच्या जागी तो एकच देतो. विद्याधरने 'वेगन' लिहिलेले पाहून मला हसूच आले. निगमाच्या मान्य शब्दावलीत 'वेगन' असा शब्दच नाही. 'वैगन' आहे, मालगाडीच्या डब्याला आमच्याकडे तेच म्हणतात. मी एक मात्रा वाढवली, खाली सही केली आणि कागद पुढे पाठवला.

तुम्ही म्हणाल, वाक्याचा अर्थ बघायचा नाही का? अर्थ बघणे हे वेगळ्या विभागाचे काम आहे.

आमचे प्रशासकीय अधिकारी खरे साहेब. ते मराठी नव्हेत. झाशीचेच कायस्थ आहेत, आणि आपल्या आडनावाचा मराठीतला अर्थ त्यांना कोणी सांगितलेला नाही. त्यांनी मला बोलावले.

"आठलेजी, ये भांडार वाले चांदोरकर वैगन हैं?"

"अर्ज़ी में तो यही लिखा है, सर."

"हमें तो कभी बताया नहीं."

"एक अप्रैल से ही हुए हैं, सर."

खरे साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "स्वघोषणा है. स्वघोषणा पर हम प्रश्न नहीं कर सकते, ऊपर से आदेश है. और वैगन चाय पीता भी नहीं. छूट मंज़ूर." त्यांनी सही केली. पेन ठेवताना त्यांना काहीतरी आठवले. "लेकिन आठलेजी, परिसर में वैगन है तो रजिस्टर में होना चाहिए."

त्याच दुपारी डबे तपासनीस अहिरवारजी भांडारात आले आणि त्यांनी संकोचाने विद्याधरला सुट्या भागांच्या काट्यावर उभे केले. डब्याचे रिकामे वजन, ज्याला टेअर म्हणतात, ते त्याच्या अंगावर रंगवून लिहायचे असते. अहिरवारजी भला माणूस. त्यांनी रंगाऐवजी पत्र्याचा छोटा बिल्ला करून विद्याधरच्या खिशाला लावला: टेअर ९४ किलो.

विद्याधर माझ्याकडे आला. "मधू, हे काय केलेस? शुद्धिपत्र काढ."

"काढता येईल," मी म्हणालो. "पण शुद्धिपत्र निघाले म्हणजे चूक झाली होती असे होते. आणि तुझा अर्ज पुन्हा पहिल्यापासून जाईल. 'वेगन' शब्द शब्दावलीत घालावा लागेल, त्याला समिती बसेल. तोवर अकरा आणि चार, दोन्ही वेळा चहा."

त्याने खिशावरचा बिल्ला सरळ केला. "चहा सुटला ना? मग राहू दे."

पुढचे सहा महिने विद्याधरच्या आयुष्यातले सर्वात सुखाचे होते, हे मला कबूल करावे लागते. मला ते बघवत नसे, हेही लिहून ठेवतो. तो डब्यात ज्वारीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, शेंगदाण्याच्या दह्यातली काकडी आणि वाटीभर हिरवी भाजी आणी. डॉक्टरांनी दिलेली जीवनसत्त्वाची गोळी तो न चुकता घेई. आणि निगमातला खरा शत्रू, म्हणजे आग्रह, तोही संपला होता. आमच्याकडे कोणाला नातू झाला, कोणाची नवी स्कूटर आली, कोणाचा साडू निवडून आला, की बडा बाजारातून कचौऱ्या आणि जलेबी येते आणि "अरे एक तो लो, चांदोरकरजी" असे म्हणत चार माणसे अंगावर धावून येतात. आता कोणी येत नसे. मालडब्याला आग्रह कसा करणार?

"तुला खावेसे वाटत नाही का रे?" मी एकदा तोंडात जलेबी असताना विचारले.

"वाटते की! चार वाजता तर सायीचा वास नाकात जातो. मग मी दहा मिनिटे थांबतो. यार्डाला एक फेरी मारतो, येताना मूठभर फुटाणे खातो. दहा मिनिटांत इच्छा मरत नाही, पण तिचा आवाज बसतो."

मी एकदा तसे थांबून बघितले. दहा मिनिटांत कचौऱ्या संपल्या.

सप्टेंबरअखेर विद्याधरच्या शर्टाच्या बाह्या लोंबू लागल्या. खाली वाकून तो आपल्या बुटाची नाडी स्वतः बांधू लागला. डॉक्टरांनी नवी पट्टी बघून त्याच्याशी हस्तांदोलन केले. प्रमोदिनीवहिनींनी वसुंधरेला फोन करून सांगितले, "अगं, हे आता घोरतच नाहीत, मला भीतीने जाग येते." मुलगी हसली आणि मग रडली.

तीन ऑक्टोबरला सर्व डब्यांची सहामाही पडताळणी झाली. विद्याधर काट्यावर उभा राहिला. काटा त्र्याऐंशीवर थांबला.

डब्याचे टेअर वजन कमी होण्याचा निगमात एकच अर्थ असतो: कोणीतरी काहीतरी काढून नेले. अकरा किलो म्हणजे लहानसहान बाब नव्हे. दुसऱ्या दिवशी खरे साहेबांच्या दालनात चौकशी बसली. मी लेखनिक होतो.

"चांदोरकरजी, ग्यारह किलो गया कहाँ?"

"साहब, वो चरबी थी. मेरी अपनी."

"वैगन की अपनी कोई चीज़ नहीं होती. एक अप्रैल को चौरानवे किलो निगम की सूची में चढ़ा. किसको दिया?"

"किसी को नहीं दिया. घट गया, साहब."

"अपने आप?"

"कम खाने से."

खरे साहेब माझ्याकडे वळले. "लिखिए, वैगन स्वीकार करता है कि घट उसकी जानकारी में हुई."

सुरक्षा विभागाने आठवडाभर विद्याधरची फाटकावर झडती घेतली. संध्याकाळी जाताना तो सकाळपेक्षा हलका नाही ना, हे बघितले जाई. एक दिवस तो दोनशे ग्रॅम हलका निघाला, कारण त्याने डबा खाल्लेला नव्हता. त्याला फाटकावरच बसवून डबा खायला लावले. शेवटी आदेश निघाला. एकवीस दिवसांत अकरा किलोंची घट वस्तुरूपाने भरून काढावी, अन्यथा सरकारी मालमत्तेच्या अपहाराचा गुन्हा नोंदवण्यात येईल. भरणा होतो की नाही हे बघायला तिघांची समिती नेमली. त्यात मी होतो.

समितीने आपले काम निष्ठेने केले. विद्याधरने पहिल्याच बैठकीत सांगितले की मी दूधतूप खाणार नाही. समितीने त्याच्या तत्त्वाचा आदर केला. बडा बाजारात चौकशी करून आम्ही अशी कचौरी शोधली जी शुद्ध तेलात तळतात. जलेबीही तेलातली मिळाली. शिवाय बटाट्याच्या टिक्क्या, शेव, साखरेत घोळवलेले शेंगदाणे आणि मैद्याचे खस्ता. एकाही पदार्थात प्राण्याचा अंश नव्हता. 'आहार पूर्णतः वेगन आहे' असे मी बैठकीच्या इतिवृत्तात लिहिले, आणि मग ती एक मात्रा वाढवली. चव तपासण्यासाठी समितीही सोबत खात असे.

पहिल्या दिवशी विद्याधरने कचौरी हातात धरली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. सहा महिने त्याने जिचा आवाज बसवला होता, ती आता सरकारी आदेश घेऊन आली होती. त्याने खाल्ली. दुसरी खाल्ली. चौथ्या कचौरीला त्याच्या डोळ्यांत पाणी आले आणि मी आग्रहाने पाचवी वाढली. सात दिवसांत तो साडेतीन किलो वाढला. आठव्या दिवशी यार्डातल्या फेरीत तो छातीवर हात ठेवून मध्येच बसला. समितीने नोंद केली: प्रगती समाधानकारक.

त्या दुपारी प्रमोदिनीवहिनी निगमात आल्या. पंचवीस वर्षांत त्या प्रथमच तिथे येत होत्या. माझ्या मेजासमोरच्या खुर्चीवर बसल्या, पदर खांद्याभोवती घट्ट घेतला आणि म्हणाल्या, "भाऊजी, ती मात्रा तुम्ही घातलीत ना?"

"वहिनी, मान्य शब्दावलीनुसार..."

"मला शब्दावली नका सांगू. माझे सासरे अठ्ठावन्नाव्या वर्षी जेवता जेवता गेले. थोरले भाऊजी अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले. यांना डिसेंबरात अठ्ठावन्न लागतंय. माझ्या हाताने मी तूप बंद केलं, दूध बंद केलं. दिवाळीला यांच्या ताटात नुसती भाकरी वाढायचीही तयारी केली. आणि तुम्ही माझ्या माणसाला इथे बसवून कचौऱ्या चारता? तुम्ही आमच्या घरी किती वेळा जेवलात हो?"

मी म्हणालो की वैयक्तिक संबंध आणि कार्यालयीन कर्तव्य यांत गल्लत होऊ नये.

"एक मात्रा आहे," त्या म्हणाल्या. "खोडरबराने जाईल."

मला वाईट वाटले. ढाल माझ्या मागच्या भिंतीवर होती आणि पखवाड्याचा निकाल लागायला चार दिवस होते. मी त्यांच्यासाठी पाणी मागवले. त्या पाणी न पिता उठल्या आणि थेट यार्डात गेल्या.

यार्डात अहिरवारजी एका डब्याखाली काहीतरी ठोकत होते. वहिनींचे सगळे ऐकून ते बाहेर आले, हात पुसले आणि विद्याधरपाशी जाऊन उकिडवे बसले. "काए भैया, छाती में दर्द है?" विद्याधरने होकारार्थी मान हलवली. अहिरवारजींनी खिशातून खडू काढला आणि विद्याधरच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिले: सिक.

बिघडलेल्या डब्यावर तपासनीस अशी खूण करतो. ती केली की डबा बाजूच्या रुळावर उभा राहतो, त्याच्यावरच्या साऱ्या मुदती थांबतात आणि तपासनीस 'फिट' लिहीपर्यंत त्याला खुद्द महाव्यवस्थापकही हलवू शकत नाहीत. समिती खस्ता घेऊन पोचली तेव्हा अहिरवारजी आडवे आले.

"सिक वैगन में माल थोड़ेई भरो जात, आठलेजी. किताब में देख लो."

मी किताब बघितली. तसेच होते. त्याच पानावर खाली आणखी एक नियम होता, आणि अहिरवारजींनी तो विद्याधरला आधीच वाचून दाखवला होता. टेअर वजनात पंधरा टक्क्यांहून अधिक घट आली, तर डब्याची दुरुस्ती परवडत नाही; तो निकामी ठरवून परिसराबाहेर काढावा, आणि त्याविषयीची सर्व चौकशी बंद करावी.

चौऱ्याण्णवचे पंधरा टक्के म्हणजे चौदा किलो शंभर ग्रॅम. विद्याधरच्या नोकरीचे तेव्हा दोन वर्षे दोन महिने उरले होते. त्याने एक रात्र विचार करण्यासाठी मागितली. वहिनी म्हणाल्या, "कसला विचार? नोकरी हवी की नोकरी करणारा?"

बाजूच्या रुळाजवळ कडुनिंबाखाली एक बाक आहे. विद्याधर रोज सकाळी डबा घेऊन तिथे येऊन बसे, कारण सिक डब्याने कार्यालयीन वेळेत परिसर सोडायचा नसतो. तिथेच तो भाकरी आणि उसळ खाई, रुळाच्या कडेने फेऱ्या घाली आणि वसुंधरेशी फोनवर बोले. तळलेल्याची चटक मात्र पुन्हा जागी झाली होती. मी खिडकीतून बघत असे. कचौऱ्यांचा वास आला की तो बाकाची कड घट्ट धरून बसायचा. पण त्याने धरलेली कड सोडली नाही. डिसेंबरात त्याला अठ्ठावन्न लागले. त्या दिवशी वहिनी डब्यातून गुळाचा सांजा घेऊन आल्या, बिनतुपाचा, आणि दोघांनी तो बाकावर बसून अर्धा अर्धा खाल्ला.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात काटा साडेएकोणऐंशीवर थांबला. डॉक्टरांच्या अहवालात रक्तदाब, साखर, हृदय, सारे उत्तम होते. हा अहवाल माणसाचा असल्यामुळे खरे साहेबांनी तो परत केला. निकामी ठरवण्याचा आदेश मी स्वतः टंकित केला आणि साक्षीदार म्हणून सहीही केली. त्यात एकही अशुद्धी नव्हती. फाटकावर बाहेर जाणाऱ्या मालाच्या पावतीत 'प्राप्तकर्ता' या रकान्यात प्रमोदिनी चांदोरकर यांनी सही केली आणि माल हाताला धरून चालत घेऊन गेल्या. आस्थापना विभागाला हे कळवायचे राहून गेले आहे. त्यांच्या लेखी विद्याधर अजून वैद्यकीय रजेवर आहे.

त्यानंतर खरे साहेबांनी खबरदारी म्हणून सर्वच कर्मचाऱ्यांचे वजन नोंदवून घेतले आणि ते वर्षभर कमी होऊ न देण्याची जबाबदारी विभागप्रमुखांवर टाकली. यंदाच्या पडताळणीत निगमातल्या एकाही माणसात ग्रॅमभराची घट आढळली नाही. माझ्यात तर सहा किलोंची भर निघाली, त्याबद्दल लेखी अभिनंदन झाले.

सकाळी साडेनऊला विद्याधर आणि वहिनी फिरून परतताना निगमाच्या फाटकावरून जातात. दोघे भरभर चालतात आणि बोलत असतात. तो निकामी आहे, हे त्याच्याकडे बघून ओळखू येत नाही. त्याच वेळी आम्ही आत शिरतो, जिन्याच्या आठव्या पायरीवर कठड्याला धरून थांबतो, धाप जिरली की उरलेल्या आठ चढतो. आमच्यापैकी प्रत्येकाजवळ 'फिट' असल्याचे सहीशिक्क्याचे प्रमाणपत्र आहे. तुमच्याजवळही असेलच.